मधुमेहात रक्तातली खनिजं कधी तपासावीत आणि नमुना कसा द्यावा

गणपती गेले की आमच्या लॅबच्या बाकड्यावर जागा उरत नाही. मोदक-करंज्यांचे पाच-सात दिवस झालेले असतात, साखर किती चढली ते बघायला लोक येतात. हल्ली त्यांच्या पिशवीत आणखी एक वस्तू असते, चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेली गोळ्यांची बाटली. यंदा देवबागच्या एक मावशी आल्या. बाटली माझ्या हातात देत म्हणाल्या, "भाच्यान हाडल्यान हा गो बाय. जस्त, क्रोमियम, सेलेनियम, सगळा आसा म्हणता. साखर उतारता म्हणता. घेवू काय?" बाटलीसोबत एक छापील कागदही होता. त्यावर बावीस खनिजांची एकत्र तपासणी, सवलतीच्या दरात.

मी मालवणात २६ वर्षं रक्त काढते आणि तपासते. मी डॉक्टर नाही, औषध सुरू करणं किंवा बंद करणं माझ्या अखत्यारीत नाही. पण नमुना कसा घेतला तर आकडा खरा येतो आणि कुठला आकडा कशामुळे फसवतो, हे मी रोज बघते. मावशींना मी बाजूला बसवून घेतलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवते आहे, कारण हेच मला महिन्यातून दहा वेळा सांगावं लागतं.

बावीस खनिजं एकदम तपासू नका. क्रमाने जा. आधी साखरेचे आकडे, मग हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, मग कारण असेल तर मॅग्नेशियम. जस्त क्वचित. क्रोमियम आणि सेलेनियम जवळजवळ कधीच नाही. हा क्रम का, ते आता सांगते.

लोह आधी बघा, नाहीतर एचबीएवनसी फसवेल

तीन महिन्यांची साखर म्हणून आपण जी तपासणी करतो ती म्हणजे एचबीएवनसी. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते त्यात मोजतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. पण शरीरात लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि जुन्या पेशीला साखर जास्त चिकटलेली असते. साखर आहे तेवढीच राहते आणि आकडा मात्र वर दिसतो.

आचऱ्याकडच्या एका शिक्षिकेचं हेच झालं होतं. वय ४१, एचबीएवनसी ६.७. घरात रडारड, भात बंद, फणस बंद. पण उपाशीपोटीची साखर ९४ आणि जेवणानंतर दोन तासांची १२८, दोन्ही नॉर्मल. हे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून तेवढंच सांगितलं. त्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करायला लावलं. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन ६. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, ते १५ च्या खाली गेलं की साठा संपला असंच धरतात. पाळीच्या वेळी जास्त रक्त जात होतं, त्यावर उपचार झाले, चार महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, आणि तोच एचबीएवनसी ५.६ आला. मधुमेह त्यांना कधी नव्हताच. आपल्याकडे बायकांच्यात लोहाची कमतरता इतकी आहे, की कुणा बाईचा एचबीएवनसी ६ ते ७ च्या मधे दिसला आणि हिमोग्लोबिनचा कागद सोबत नसला तर मला चैन पडत नाही.

उलटंही होतं. नुकतंच रक्त चढवलं असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा लोहाचा उपचार जोरात चालू असेल, तर नव्या पेशींचा भरणा होतो आणि एचबीएवनसी खोटाच कमी दिसतो. तेव्हा साखर थेट मोजलेलीच खरी मानायची.

"मग सगळ्यांनीच लोह घ्यावं का?" असं पुष्कळ जण विचारतात. नको. जास्तीचं लोह स्वादुपिंडात आणि यकृतात साठतं आणि त्यातूनही मधुमेह होतो. हिमोक्रोमॅटोसिस नावाच्या आजारात नेमकं हेच घडतं. थॅलेसेमियाच्या मुलांना वर्षानुवर्षं रक्त चढवावं लागतं, त्यांच्या बाबतीतही हा धोका असतो. फेरिटिन नुसत्या तापाने, सांध्याच्या सुजेने किंवा यकृतावरच्या चरबीनेही वाढतं. म्हणून वाढलेलं फेरिटिन पाहून घाबरू नये, आणि फेरिटिन न बघता लोह गिळू नये. पुरुषांनी तर नाहीच.

मॅग्नेशियम: माझ्या बाबांचे पाय

खरं सांगायचं तर मॅग्नेशियम सूक्ष्म खनिज नव्हे. आपल्याला ते दिवसाला शेकडो मिलीग्रॅम लागतं, जस्त-तांब्यासारखं चिमूटभर नाही. पण मधुमेहाशी सर्वांत घट्ट नातं याच खनिजाचं आहे, म्हणून याच्यावर मी जास्त बोलते.

इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन कडी वाजवतं. आतून ती कडी काढायला मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की इन्सुलिन असूनही दार नीट उघडत नाही. दुसऱ्या बाजूने, रक्तातली साखर १८० च्या आसपास गेली की ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढते आणि पाण्याबरोबर मॅग्नेशियमही जातं. साखर वाढली म्हणून मॅग्नेशियम घटतं, आणि मॅग्नेशियम घटलं म्हणून साखर आटोक्यात येत नाही.

माझ्या बाबांना १५ वर्षं मधुमेह. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांनी पाय दाबून घ्यायला सुरुवात केली. "रातभर पोटऱ्यांत गोळे येतत, झोप नाय." आम्ही ते वयावर घातलं, तेल चोळलं, शेक दिला. दोन महिने गेले. मी रोज लोकांचं रक्त तपासत होते आणि घरातल्या माणसाचं तपासायचं सुचलं नाही, याची रुखरुख अजून आहे. शेवटी तपासलं तर मॅग्नेशियम १.२ आणि पोटॅशियम ३.१. मॅग्नेशियमचं नेहमीचं प्रमाण डेसिलीटरला साधारण १.७ ते २.२ मिलीग्रॅम असतं, लॅबनुसार थोडं इकडेतिकडे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, आणि पित्ताची गोळी सात वर्षं रोज सकाळी चालू होती. पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल जातीच्या पित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच दिला होता. या दोन गोळ्या आणि लघवीतून जाणारी साखर, तिन्ही मिळून बाबांचं मॅग्नेशियम बाहेर काढत होत्या.

डॉक्टरांनी एक गोळी बदलली, दुसरी हळूहळू बंद केली, मॅग्नेशियम सुरू केलं. मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम भरून निघत नाही, म्हणून दोन्ही एकत्र. सहा आठवड्यांत १.८ झालं. साखर त्या गोळीने एकदम उतरली असं मी म्हणणार नाही. पोटऱ्यांतले गोळे थांबले, बाबांना झोप लागायला लागली, ते परत धक्क्यापर्यंत चालत जायला लागले, आणि मग साखर उतरली.

म्हणून मॅग्नेशियम तपासायचं ते अशांचं: साखर बरेच महिने २०० च्या वर राहिलेली, लघवी वाढवणारी गोळी चालू, पित्ताची गोळी वर्षाहून जास्त, जुना जुलाब, रोजची दारू, पायांत गोळे, पापणी किंवा स्नायू उडणं, छातीत धडधड. यातलं काहीच नसेल तर पैसे वाचवा. एक गोष्ट मात्र समजून घ्या. शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं एक टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागात. बाकी सगळं हाडांत आणि स्नायूंत. त्यामुळे आकडा कमी आला तर कमतरता नक्की. पण आकडा १.७ किंवा १.८ असा काठावर असेल आणि त्रास चालू असेल, तर "नॉर्मल आहे" म्हणून कागद घडी करून ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.

मूत्रपिंड कमजोर असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मॅग्नेशियमची गोळी स्वतःहून अजिबात घेऊ नका. ते बाहेर पडत नाही, साठतं, आणि हृदयावर येतं. अशा माणसाने रोज शहाळंही पिऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळी नेण्याची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

जस्त, आणि बाटलीतलं बाकीचं

जस्ताचं आणि इन्सुलिनचं नातं जुनं आहे. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन साठवतात ते जस्ताच्या कणांभोवती सहा-सहाचे गठ्ठे बांधून. टोरांटोत स्कॉट यांनी १९३४ मध्ये इन्सुलिनच्या स्फटिकांत जस्त असतं हे दाखवलं आणि त्यावरूनच पुढे हळूहळू विरघळणारी इंजेक्शनं निघाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'लेंटे' इन्सुलिन आठवत असेल, ते जस्तामुळेच सावकाश उतरायचं. मधुमेहात लघवीवाटे जस्तही जास्त जातं.

तरीही रक्तातल्या जस्ताच्या आकड्यावर मी फार भर देत नाही. तो सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतो, जेवल्यावर उतरतो, ताप किंवा जखम असली की उतरतो, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी असलं तरी उतरतो. जखम महिनोन्महिने भरत नाही, चव गेली आहे, जुना जुलाब आहे, अशांना डॉक्टर सांगतील तेव्हा करावा. आणि केला तर सकाळी, उपाशीपोटीच.

जस्ताच्या गोळ्यांची मला भीती वाटते ती दुसऱ्या कारणाने. प्रौढाला दिवसाला ४० मिलीग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. बाजारातल्या काही गोळ्यांत एकीतच ५० असतं. बरेच महिने जास्त जस्त घेतलं की तांबं शोषलं जात नाही. तांबं कमी झालं की रक्त कमी होतं, पाय बधिर होतात, तोल जातो. मधुमेही माणसाचे पाय बधिर झाले की सगळे म्हणणार साखरेमुळेच. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं घेतल्याने बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यानेही पाय असेच बधिर होतात. म्हणून पायांना मुंग्या असतील तर आधी बी-१२ तपासा, आणि घरात कुठली जस्ताची बाटली आहे का ते डॉक्टरांना सांगा.

क्रोमियमची कथा १९५९ पासूनची. श्वार्त्झ आणि मेर्ट्झ या संशोधकांना उंदरांत असं दिसलं की क्रोमियम दिलं की साखर नीट वापरली जाते. १९७७ मध्ये कॅनडातल्या एका बाईंची हकिकत छापून आली. त्या वर्षानुवर्षं शिरेतूनच अन्न घेत होत्या, त्या अन्नात क्रोमियम नव्हतं, त्यांची साखर बिघडली होती आणि क्रोमियम दिल्यावर सुधारली. बाटल्यांवरचे दावे इथून निघाले. पण आपण शिरेतून जेवत नाही. साध्या खाण्यात लागेल तेवढं क्रोमियम मिळतं, आणि अमेरिकन डायबिटीस असोसिएशन साखरेसाठी क्रोमियम घ्या असं सरसकट सांगत नाही. तपासणीबद्दल तर मी ठामपणे बोलू शकते. रक्तात क्रोमियम इतकं थोडं असतं की स्टीलच्या सुईतून उतरलेल्या क्रोमियमनेही आकडा बदलतो. त्यावर पैसे घालवू नका.

सेलेनियम तर उलट अंगावर आलेलं आहे. अमेरिकेत त्वचेचा कॅन्सर टळतो का हे बघायला रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम देऊन एक मोठा अभ्यास झाला. २००७ मध्ये त्याचे मधुमेहाविषयीचे आकडे आले, तर गोळी घेणाऱ्यांत मधुमेह जास्त निघाला. बांगडा, तारली, सुरमई यांत सेलेनियम भरपूर असतं. किनाऱ्यावर राहून मासे खाणाऱ्याने ते बाटलीतून घ्यायचं काही कारण नाही.

नमुना देताना

आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा आणि सकाळी साडेसात-आठला उपाशी या. पाणी प्या, कोरड्या शिरेतून रक्त काढताना पेशी फुटतात. चहा नको, बिनसाखरेचाही नको. लोह, जस्त, मॅग्नेशियमची गोळी चालू असेल तर ती आदल्या दिवशी सकाळनंतर घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, आणि घेतली असेल तर आम्हाला सांगा. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने फेरिटिनसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात, त्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. साखरेची आणि रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नका. ताप, जुलाब, दातदुखी चालू असेल तर लोह-जस्ताची तपासणी दोन आठवडे पुढे ढकला.

पट्टा बांधल्यावर मूठ सारखी उघडमीट करू नका. लोकांना वाटतं त्याने शीर फुगते. शीर फुगते, पण पोटॅशियमही खोटं वाढतं.

नळ्यांकडे लक्ष ठेवा, तुमचा हक्क आहे तो. जांभळ्या बुचाची नळी एचबीएवनसी आणि हिमोग्लोबिनला. राखाडी बुचाची साखरेला, कारण त्यातलं फ्लोराइड पेशींना साखर खाऊ देत नाही. एरवी साध्या नळीत साखर तासाला पाच ते सात टक्के घटते. मॅग्नेशियम आणि फेरिटिनला लाल किंवा पिवळ्या बुचाची. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं ईडीटीए खनिजांना धरून ठेवतं, त्यातून मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम काढलं तर आकडा निरुपयोगी. जस्ताला गडद निळ्या बुचाची खास नळी लागते. "निळी नळी आहे ना?" एवढा एक प्रश्न विचारा. नसेल तर ती तपासणी तिथे करू नका.

शेवटची गोष्ट घाटाची. आपल्या भागातले बरेच नमुने मोठ्या लॅबमध्ये कोल्हापूर-मुंबईला जातात. खूप वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, एका जुलैत करूळ घाटात दरड आली आणि नमुन्यांची गाडी आठ तास अडकली. त्यातली एक नळी रक्तद्रव वेगळा न करताच गेली होती. पोटॅशियम ६.८ असा कागद आला. त्या माणसाला घरच्यांनी रात्रीच दवाखान्यात हलवलं. पुन्हा रक्त घेतलं तर ४.४. तांबड्या पेशींत पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त हे सगळं रक्तद्रवापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि रक्त पडून राहिलं की ते बाहेर झिरपतं. त्या दिवसापासून रक्तद्रव वेगळा केल्याशिवाय मी एकही नळी गाडीत चढवत नाही. तुम्हीही विचारा, "इथेच वेगळं करून पाठवता का?" आणि अहवालावर "हिमोलाइझ्ड", म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या, असा शेरा असेल तर खनिजांचा आकडा धरू नका, पुन्हा द्या.

ताटात काय

पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅमला मॅग्नेशियम जेमतेम २० मिलीग्रॅमच्या आसपास, नाचणीत १४० च्या आसपास, काजूत २९० च्या घरात. दोन वेळच्या भातातला एक काढून नाचणीची भाकरी आणि कुळथाची उसळ आणली तर फरक पडतो. नाचणीचं सत्त्व काढून केलेली पातळ खीर मधुमेहाला चांगली असं समजू नका, बारीक दळलेलं आणि शिजवलेलं पीठ साखर पटकन वाढवतं. भाकरीच बरी. कुळीथ, वाल, मूग भिजवून मोड आणा. धान्यात खनिजांना जखडून ठेवणारं फायटिक आम्ल असतं ते मोड आल्याने आणि आंबवल्याने कमी होतं. कुळीथ शिजवलेलं पाणी ओतून टाकू नका, आपल्या आज्या त्याचं कळण करायच्या ते उगीच नाही, खनिजं त्यातच उतरलेली असतात. काजू मूठभर, आठ-दहा, खारवलेले नाहीत.

जस्तासाठी कालवांइतकं दुसरं काही नाही, आणि तिसऱ्या, मुळे या शिंपल्यांत लोह चांगलं. पूर्ण शिजवून खा, आणि गावाचं सांडपाणी येतं त्या खाडीतले आणू नका. फेरिटिन कमी असलेल्यांनी जेवताना लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवावा.

देवबागच्या मावशींचा कागद असा आला: उपाशीपोटी १४८, एचबीएवनसी ८.१, हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ११, मॅग्नेशियम १.९. बाटली त्यांच्या डॉक्टरांनी बाजूला ठेवायला सांगितली आणि लोह सुरू केलं. मावशींच्या फाइलवर मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे की लोह भरल्यावर एचबीएवनसी थोडा तसाही उतरेल, तेव्हा त्यावरून साखरेचं औषध कमी करण्याआधी घरच्या साखर मोजायच्या मशीनवरचे आकडे बघावेत. पुढचं रक्त दत्तजयंतीच्या सुमारास. तोवर आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी आणि दोनदा जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचायचं, आणि तारीख, वेळ, काय जेवलो ते नातीच्या जुन्या वहीत लिहायचं. वही सोबत आणायची.